टाकी दिव्याला पोचवायची आणि जेवूनच यायचं

स्पितीहून आल्यापासून मी जरा भाव खात फिरत होते. झेवियर अंकलनी तो एका रविवारी मिस्सा संपल्यावर चर्चच्या पायरीवरच उतरवला. "एवढी जगभर फिरतेस ना? मग शुक्रवारी दिव्याला चल. गाडी तुझी, पेट्रोल तुझं, पुण्य सगळ्यांचं."

अंकल टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले तेव्हापासून आमच्या चर्चचं सेवा मंडळ चालवतात. चालवतात म्हणजे फोन करतात. दिव्याच्या एका चाळीत सुनंदाताई नावाच्या बाई संध्याकाळी मुलांची अभ्यासिका घेतात, फुकट. तिथे पाण्याची बोंब. टँकर येतो तो नेमका अभ्यासाच्या वेळी, मग मुली हंडे घेऊन पळतात आणि पुस्तकं तशीच उघडी राहतात. मुलं गळत चालली होती आणि परीक्षा तोंडावर आलेली. ताईंचं म्हणणं होतं की खोलीला एक मोठी टाकी मिळाली, ती सकाळी नळाच्या बारीक धारेवर भरून ठेवता आली, तरच वर्ग चालेल, नाहीतर या महिन्यात बंद. मंडळाने टाकी द्यायचं ठरवलं.

ताईंची मात्र एक अट होती. येणाऱ्यांनी त्यांच्या घरी जेवायचं. जेवला नाहीत तर टाकी परत न्यायची. आधी एक मंडळी येऊन वह्या वाटून गेली होती. बॅनर धरून फोटो काढले, मुलांना उन्हात उभं केलं आणि ताईंनी पुढे केलेल्या पाण्याला हातसुद्धा न लावता आपल्या बाटल्या उघडल्या. "आम्ही बौद्ध आहोत, दादा. न शिवलेलं पाणी आम्हाला बरोबर ओळखू येतं," असं त्यांनी अंकलना फोनवर सांगितलं होतं. अंकल म्हणाले, "ताई, जेवणाचं काय सांगता, आम्ही तुमचं भांडं पुसून देऊ."

शुक्रवार निवडण्याचं कारण साधं. शनिवारी लग्नं, रविवारी मिस्सा आणि शुक्रवार सोडून बाकीचे दिवस माझं ऑफिस. शिवाय हा ईस्टरआधीचा प्रायश्चित्तकाळ, त्यात शुक्रवार, म्हणजे दानधर्माला उत्तम दिवस. यात कुठे काही चुकतंय असं आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

सकाळी निघालो तिघंच. मी, अंकल आणि लिओनोरा आंटी. आंटी आमच्या पॅरिशच्या मूळच्या, त्यांच्या सासऱ्यांची इथे घोडबंदरला भातशेती होती. आता तिथे टॉवर आहे आणि त्याच्या नवव्या मजल्यावर आंटी आहेत. उपवासाच्या बाबतीत त्या इतक्या कडक, की फादरसुद्धा त्यांच्यासमोर बिस्किट खिशात लपवतात. प्रायश्चित्तकाळातल्या शुक्रवारी आम्ही मांस खात नाही, हा नियम सगळ्यांनाच. आंटींनी तो लहानपणापासून एकदाही मोडलेला नाही. हॉस्पिटलात नर्सने चिकन सूप आणलं, तर तिलाच दोन घोट उपदेश पाजून परत पाठवलं होतं.

जाणाऱ्यांसाठी पहिली सूचना: घोडबंदर रोडला सकाळी लवकर निघा. आम्ही लवकर निघालो, तरी अडकलो, पण निदान मनाला समाधान. दुसरी सूचना: मानपाडा दोन आहेत. अंकलनी चार पैसे वाचवायला डोंबिवलीच्या मानपाड्याजवळच्या कारखान्यातून थेट टाकी घ्यायचं ठरवलं होतं आणि टेम्पोवाल्या शकीलभाईंना 'मानपाड्याला या' एवढंच सांगितलं होतं. ते ठाण्याच्या मानपाड्याला चहा पीत आमची वाट बघत बसलेले. "काका, पूरा बोलनेका ना," ते फोनवर म्हणाले आणि वाचलेले चार पैसे डिझेलमध्ये गेले.

ते येईपर्यंत आम्ही कारखान्यासमोरच्या टपरीवर मिसळ खाल्ली. तिखट, स्वस्त, आणि तर्री मागाल तेवढी. नक्की खा, फक्त पांढरा शर्ट घालून जाऊ नका. अंकल घालून गेलेले.

टाकी काळी, गोल आणि 'छोटा हत्ती' टेम्पोच्या मानाने फारच मोठी निघाली. दोरी तोकडी पडली, म्हणून अंकल स्वतः मागे चढून तिला मिठी मारून बसले. शिळफाट्याच्या कोंडीत एका हवालदाराने टेम्पोभोवती चक्कर मारली.

"काका, तुम्ही टाकीला धरलंय की टाकीने तुम्हाला?"

"साहेब, समाजसेवा आहे."

"मग घट्ट धरा. समाज मागे हॉर्न वाजवतोय."

दिव्यात मुख्य रस्त्यापर्यंत गाडी जाते, पुढे पायी. गल्ली इतकी अरुंद, की समोरून माणूस आला तर एकाने कुणाच्या तरी घरात शिरायचं. टाकी आडवी केली, पोरांनी ढकलायला घेतली आणि वाटेतल्या बायकांनी वाळत घातलेले पापड पटापट उचलले. पुढे टाकी, मागे पोरं, त्यांच्यामागे "हळू रे, अरे हळू!" करत तर्रीच्या डागांचे अंकल, अशी आमची मिरवणूक निघाली.

ताईंचं दार दहा पावलांवर असताना वास आला. खोबरं भाजून, मसाला वाटून, तासभर रटरटलेलं मटण. मी थांबले. आंटी थांबल्या. अंकल आभाळाकडे बघू लागले.

"झेवियर," आंटी म्हणाल्या, "तिना काय सांगितलास तू?"

"तिनं विचारलं, तुम्ही लोक मटण खाता ना? मी म्हणालो, अहो ताई, मटण नाही मिळालं तर आम्ही आजारी पडतो." अंकलनी घाम पुसला. "मी सर्वसाधारण बोललो हो! शुक्रवारचं नाही बोललो."

मग त्या गल्लीत, टाकीच्या आडोशाला, आमची कुजबुजत धर्मसभा भरली. अंकलचं म्हणणं, रस्सा हा पाण्याचा प्रकार आहे, फोड बाजूला काढली की झालं. मी म्हणाले, फादरना विचारू, ते सूट देऊ शकतात. फादरचा फोन बंद, शुक्रवारी ते पापस्वीकाराला बसतात. "म्हणजे पाप करायच्या आधी विचारायची सोयच नाही," अंकल कळवळून म्हणाले. आंटींनी सभा बरखास्त केली. "खोटा नाय बोलायचा. सरळ सांगू. ती पण धर्माची बाई हाय, समजून घेल."

मलाही ते बरोबर वाटलं. आत गेलो. चकाचक पुसलेली फरशी, भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्ध, खाली सतरंजी आणि ताटं मांडलेली. सुनंदाताई भाकऱ्या घेऊन बाहेर आल्या. त्यांच्या सासूबाई, जालन्याकडच्या, कोपऱ्यात खुर्चीवर बसल्या होत्या. दारात पोरं टाकी आत घ्यायच्या तयारीत.

आंटी उभ्याच राहिल्या. हात जोडून म्हणाल्या, "ताई, राग मानू नका. आज शुक्रवार, आमचा उपास असतो. आम्ही मटण नाय खात."

ताईंच्या हातातली भाकरी तशीच राहिली. बोलल्या त्या सासूबाई, आवाज न चढवता.

"बाई, आमच्या घरी आल्यावर समद्यांचाच उपास असतो."

त्यांनी आमच्याकडे बघितलंही नाही. मग ताई दाराकडे वळून पोरांना म्हणाल्या, "थांबा रे. टाकी आत नका घेऊ."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आमचा उपवास खरा होता, शंभर टक्के खरा, आणि त्या घरात त्याला खोट्याची किंमत होती. कारण हेच शब्द, अशाच जोडलेल्या हातांनी, त्या म्हातारीने जन्मभर ऐकले होते. अंकलनी तोंड उघडलं आणि देवाच्या कृपेने मिटलं.

आंटींनी सासूबाईंकडे बघितलं. मग पदर खोचला, गुडघ्यावर हात टेकून 'जेझू' म्हणत खाली बसल्या, ताट पुढे ओढलं आणि म्हणाल्या, "वाढा."

ताई हलल्या नाहीत. "उपास आहे ना तुमचा?"

"हाय. वाढा तुम्ही."

अंकल हळूच म्हणाले, "आंटी, नुसता रस्सा घ्या ना..."

"गप रे! फोडी वगळून खायचा, तर नाय खाल्लेला बरा." मग आंटी सासूबाईंकडे वळल्या. "बाय, नळी हाय का?"

सासूबाईंनी पहिल्यांदा वर बघितलं. मग त्या स्वतः उठल्या, सुनेच्या हातातला डाव घेतला, पातेल्यात तळापासून शोधून नळी काढली आणि आंटींच्या ताटात ठेवली. आंटींनी ती अशी काही ओढली, की दारातली पोरं खिदळायला लागली. "मीठ जरा कमी हाय," तोंड पुसत त्या म्हणाल्या.

"बीपी हाय मला," सासूबाई म्हणाल्या.

"मनापन हाय."

झालं, पुढचा तासभर गोळ्यांवर गेला. टाकी कधी आत आली, तेही मी पाहिलं नाही. मटणाविषयी मी काय लिहू? असा वाटलेला मसाला घोडबंदरच्या कुठल्याही हॉटेलात कितीही पैसे मोजून मिळणार नाही. तिथे जायचा पत्ता मी देणार नाही, कारण तिथे कुणीतरी बोलावल्याशिवाय जायचं नसतं.

परतताना बायपास लागला. शेवटी अंकलना राहवेना. "आंटी, पाप लागेल का हो?"

"तुना लागंल. तू तीन वेळा वाढून घेतलास."

मी इतकी हसले की गाडी बाजूला घ्यावी लागली. हसता हसता आरशात बघितलं, तर मागे आंटी रुमालाने डोळे पुसत होत्या. काय झालं विचारल्यावर म्हणाल्या, "तर्री लागली," आणि खिडकीबाहेर बघू लागल्या. त्यांनी आयुष्यभर जपलेली गोष्ट एका अनोळखी बाईच्या सतरंजीवर ठेवून दिली होती आणि त्या बाईला ते ठाऊकही नव्हतं.

पुढच्या शुक्रवारी आंटी पापस्वीकाराला गेल्या. बाहेर आल्यावर अंकलनी नाक खुपसलंच, सांगितलं का म्हणून. आंटी म्हणाल्या, "पापा सांगायची असतात. जेवलेला कशाला सांगू?"

आता घरी बसून हिशेब मांडते आहे की या सहलीतून काय उरलं. स्पितीहून मी हजार फोटो आणले होते. दिव्याचा एकही नाही, ताईंच्या घरी मोबाईल बाहेर काढायची माझी हिंमतच झाली नाही. टाकी सकाळी भरते, असं ताईंनी कळवलं. दोन मुली वर्गाला परत आल्या आहेत. हल्ली कुणी 'उपवास आहे' म्हणालं, की मी आधी समोरच्याचा चेहरा बघते.

काल मी आंटींकडे बसले असताना त्यांच्या फोनवर ताईंचा नंबर आला. आंटींना स्पीकरशिवाय ऐकू येत नाही, म्हणून मलाही सगळं ऐकू आलं. पलीकडे सासूबाई होत्या. त्यांच्या गल्लीत एक केरळची ख्रिस्ती नर्स नवीन राहायला आली आहे. शुक्रवारी सासूबाईंनी तिला मटणाच्या कालवणाची वाटी नेऊन दिली, तर तिने ती हात जोडून परत केली आणि का ते समजावून सांगितलं.

"लिओनोराबाई," सासूबाई म्हणाल्या, "तुमचा उपास खरा होता व्हय गं?"