पेटीचं दार

तिला सगळे खुडूक म्हणायचे आणि तिला त्याचं काही वाटायचं नाही. खुडूक म्हणजे अंडी घालायचं सोडून अंड्यांवर ठाण मांडून बसलेली कोंबडी. दाणापाणी विसरते, कुणी हात पुढे केला की पिसं फुलवून अंगावर येते, जग बुडालं तरी जागची हलत नाही. उबवणी केंद्रात ही बाई यंत्रांसमोर तशीच बसायची. ऊब जरा कमीजास्त झाली की ही आकड्यावरून डोळा हलवायची नाही.

"अगं, यंत्र देतंय ना ऊब, तू कशाला बसतेस?" तिच्याबरोबर काम करणारा लंबू विचारायचा.

"यंत्राला माया असते का रे?"

"आणि तुला पिसं आहेत का?"

असं दोघांचं दिवसभर चालायचं. काम मात्र चोख.

शाळेशी तिचं कधी जमलं नाही, पण कोंबड्यांचे डॉक्टर यायचे ते बोलके होते आणि हिचे कान तिखट. अंड्याचं कवच म्हणजे बारीक चाळण, हे तिला त्यांनीच सांगितलं. त्या भोकांतून चांगली हवा आत येते, वाईट बाहेर जाते. कवचाखाली पातळ पापुद्रा, त्यात रक्ताच्या बारीक शिरा. त्या हवा उचलतात आणि पिलाला नेऊन देतात. फुफ्फुसं असतात, पण त्यांना अजून कुणी कामाला लावलेलं नसतं. शेवटी शेवटी पिलू मोठं होतं, हवा पुरेनाशी होते, आत कोंदतं. मग ते अंड्याच्या जाड टोकाशी असलेल्या पोकळीत चोच खुपसून पहिला श्वास घेतं. "कोंदल्याशिवाय घर सोडावंसं कुणाला वाटतं?" डॉक्टर म्हणायचे. मानेमागचा एक स्नायू तेवढ्यासाठीच फुगलेला असतो. तो झटके देतो, चोच कवचाला टोचा मारते. काम झालं की आठवड्याभरात स्नायू ओसरतो. "आपल्यासारखा खुर्चीला चिकटून बसत नाही."

शेवटचे तीन दिवस उबवणीच्या पेटीचं दार उघडायचं नाही, हा तिथला नियम. दार उघडलं की आतली ओल जाते, पापुद्रा वाळतो आणि पिलाला कापडात बांधल्यासारखा आवळतो. नवी होती तेव्हा एकदा तिला राहवलं नव्हतं. टोचा मारून दमलेल्या एका पिलाचं टरफल तिने नखाने सोललं. पापुद्र्यातलं रक्त अजून पिलाच्या अंगात परतलं नव्हतं. तिची बोटं लाल झाली आणि पिलू तळहातावरच गेलं. त्या दिवसापासून बंद दारापुढे तिचे हात आपोआप पाठीमागे जायचे.

तिची लेक एकुलती एक. लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर तिला दिवस राहिले. जावई दिवसभर सुतारकाम करून आला की पाळण्याला पॉलिश करत बसायचा. "अहो, पाळणा आहे की आरसा?" सासू विचारायची. सातवा महिना संपायच्या आत लेकीचा रक्तदाब चढला, डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि तिला तातडीने दवाखान्यात नेलं. बाळाची फुफ्फुसं पिकावीत म्हणून डॉक्टरांनी तिला हार्मोनची सुई दिली. पण त्या औषधाला वेळ लागतो, आणि वेळच नव्हता. पोट फाडून मुलगा काढला.

त्याला काचेच्या पेटीत ठेवलं. खुडूक दाराशी आली आणि थबकली. ऊब दाखवणारा आकडा, ओल राखणारं पाणी, बारीक घरघर, सगळं ओळखीचं. पेटीला हात घालायला दोन गोल खिडक्या. बाळाच्या पावलाला लाल दिवा बांधला होता आणि दिव्यापुढे धरलेलं अंडं दिसतं तसं ते एवढंसं पाऊल आतून उजळलं होतं.

"त्याच्या रक्तात हवा किती पोचते ते हा दिवा सांगतो," सिस्टर म्हणाली. "रक्त बिचारं हवा न्यायला तयार आहे, आजी. पण फुफ्फुसं उघडी राहत नाहीत. प्रत्येक श्वासाला नव्याने फुगवावी लागतात."

बाळाची छाती दर श्वासाला बरगड्यांखाली खोल जात होती.

लेकीला खाटेवरून उठायची परवानगी नव्हती. तिने आईचा हात धरला. "आई, तू त्याला हात लाव. माझा हात समज. मग मला येऊन सांग, कसा लागतो."

"लावते गं राणी."

तिने हात कोपरापर्यंत धुतले. परत धुतले. सिस्टर हसली. "आजी, सालपट निघेल. घाला आत."

"ओल जाईल."

"कसली ओल?"

"आतली."

"काही जात नाही हो. हात लावला की बाळं शांत होतात. आत्ता तुम्हीच त्याची आई."

तिने खिडकीच्या कडीला बोट लावलं. मग तिला ती लाल बोटं दिसली आणि हात पाठीमागे गेले. "उद्या लावते," ती म्हणाली. "टोचा मारलाय त्याने. आता आपण लुडबुड करायची नसते. जरा दम धरू दे त्याला."

सिस्टरला काही उमगलं नाही. तिला इतरही बाळं होती.

खाटेवर लेक दाराकडे डोळे लावून बसली होती. "लावलास? कसा लागला?"

एवढा आसुसलेला चेहरा. त्याला नाही म्हणायला दगडाचं काळीज हवं. "मऊ," खुडूक म्हणाली. "मऊ आणि ऊबदार. माझं बोट धरलं त्याने."

दुसऱ्या दिवशी दुपारी बाळ दमलं. बरगड्यांमधलं ते एवढंसं मांस, ते तरी किती ओढणार? डॉक्टरांनी नळी घातली, यंत्राने श्वास दिला, पण उपयोग झाला नाही. सिस्टरने त्याला दुपट्यात गुंडाळून आजीच्या हातात ठेवलं. तळहाताला अंडं लावून आत जीव आहे की नाही ते सांगणारी बाई ती. तिला पाहायची गरज पडली नाही.

मग लेकीनेही त्याला घेतलं. तोवर तो थंड झाला होता.

तिसऱ्या दिवशी लेकीला दूध आलं. छाती दगडासारखी झाली, पदर भिजला. कोंबडीला खुडूक बसवणारं आणि बाईला दूध आणणारं हार्मोन एकच, असं कोंबड्यांचे डॉक्टर एकदा म्हणाले होते. तेव्हा खुडूक पोट धरून हसली होती. आता ती लेकीच्या छातीवर गार पाण्याच्या घड्या ठेवत होती. पेटी रिकामी झाली, हे रक्ताला कुणी कळवत नाही.

लेक माहेरीच राहिली. जावई रोज येऊन दाराशी बसायचा, चहा प्यायचा, जायचा. पाळण्याचं नाव कुणी काढत नव्हतं. आणि रोज संध्याकाळी लेक विचारायची, "आई, त्याने बोट कसं धरलं होतं?" खोट्याला एकदा दाणा टाकला की ते पिलासारखं वाढतं. आज बोट धरलं होतं, उद्या डोळा किलकिला केला होता, परवा नखं गुलाबी होती. ऐकताना लेकीचा जीव जरा शांत व्हायचा. आई मात्र ताट अर्धं ठेवून उठायची.

एके दिवशी केंद्रात पिलं निघाली. चिवचिवाटाने पेटी भरून गेली. तळाशी एक अंडं राहिलं होतं. टोचा पडलेला, आत चोच, पुढे काही नाही. अशी अंडी टाकून देतात. खुडूकने ते उचललं आणि ओंजळीत घेऊन भिंतीला टेकून बसली.

"अगं, ते नाही निघायचं," लंबू म्हणाला.

"माहीत आहे."

"मग?"

"असू दे माझ्या हातात."

लंबूने नेहमीसारखी थट्टा केली नाही. तो टरफलं झाडत राहिला. चोच दोनदा हलली आणि थांबली. हात लावल्याने पिलू वाचलं नव्हतं. पण गेलं तेव्हा ते एकटं नव्हतं.

त्या संध्याकाळी लेकीने विचारायच्या आतच ती म्हणाली, "पोरी, मी त्याला हात लावला नव्हता. पेटी बघितली आणि माझे हातच पुढे होईनात. मी तुला खोटं सांगत होते. तो जिवंत असताना मी त्याला शिवलेसुद्धा नाही."

लेक ओल्या घडीची कड पिळत राहिली.

"मला ठाऊक होतं," ती म्हणाली. "सिस्टर त्याच दिवशी म्हणाली होती, तुझी आई घाबरली बघ."

"मग रोज विचारत का होतीस गं?"

"मला तो थंडच मिळाला, आई. तू सांगायचीस तेवढा वेळ तो ऊबदार असायचा."

खुडूक पदराच्या टोकाशी चाळा करत बसली. स्वयंपाकघरात चहा उतू गेल्याचा वास आला, पण कुणी उठलं नाही. मग लेकीने सरकून आईच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि डोळे मिटले.

"सांग," ती म्हणाली. "काल सांगितलंस तसंच सांग."

आईने तिच्या कपाळावर तळहात ठेवला.

"मऊ होता गं," ती म्हणाली. "आणि असा ऊबदार..."