विलायती धवलारीण

कोन गावच्या रंगूबाईचा गळा फुटला तो सावळारामाच्या लग्नात. फुटला म्हणजे कसा? नव्या मडक्यावर टिचकी मारावी, टण्ण म्हणून उत्तर यावं, आणि पुढच्याच टिचकीला आतून भद्द निघावं, तसा.

लग्नात धवले, म्हणजे हळदीची गाणी, म्हणते ती धवलारीण. तिने देवांना हाक मारली की मग ती हळद. नाहीतर नुसती पिवळी पूड. रंगूबाई पोरवयापासून हाका मारत आली होती. त्या दिवशी वरच्या वळणावर गळा फाटला आणि नवरीकडची एक थोरली बाई नाकातून म्हणाली, "मोरला गं बाय धवला! मोरका धवला बरा न्हाय." मोडक्या धवल्याचा अपशकुन काही बाधला नाही, सावळारामाचा संसार पुढे छान चालला, पण ते नाकातलं वाक्य रंगूबाईच्या कानात घर करून राहिलं. कोणी बोलवायला आलं की ती खोकायची. इतकं हुबेहूब की आलेली माणसं आमंत्रण विसरून काढा सांगून जायची.

तिची जागा केसरीनाथने घेतली. म्हणजे त्याच्या कर्ण्याने. हा तिच्या बहिणीचा मुलगा. नारपोलीत कापडाच्या लूमवर ड्युटी आणि लगीनसराईत रेकॉर्डी वाजवण्याचा धंदा. मांडवात शिरला की आधी "ह्यॅलॉ, ह्यॅलॉ, माइक टेश्टिंग!" आणि मग सिनेमाची गाणी. लूमच्या खडखडाटात वर्षं गेल्यामुळे शेजारी बसलेल्याशीही तो खाडीपलीकडच्या माणसाशी बोलावं तसा बोलायचा.

अठ्ठ्याहत्तरच्या चैत्रात शेजारच्या गोदूच्या मुलीचं, तुळजाचं लग्न ठरलं. तुळजाला पाळण्यात घातलं तेव्हाचं गाणं रंगूबाईचंच होतं. तुळजा येऊन रंगूबाईच्या उंबऱ्यावर बसली.

"काकी, माझी हलद तुझ्या धवल्यावर लागंल."

रंगूबाई खोकली.

तुळजाही खोकली, अगदी तश्शीच, शेवटची घरघर धरून. "मना पन येतो. बघ."

"केसरीची रेकॉर्ड लाव गं बाय. आता तीच चालते."

"रेकॉर्डवर हलद लावली तर नवरा पन रेकॉर्डमदलाच करू का? तू न्हाय आलीस तर मी पाटावं बसतच न्हाय. आय रडो नायतर पडो." आणि परकर झटकून निघून गेली. हट्टी पोर, बोलली ते करणार, हे रंगूबाईला ठाऊक होतं.

हळदीच्या आदल्या दुपारी केसरीनाथने आपलं मशीन मावशीच्या ओटीवर मांडलं. गोदूच्या दारात उन्हाने रेकॉर्डी वाकल्या असत्या. मुंबईच्या जुन्या बाजारातून आणलेल्या गठ्ठ्यात त्याला एक मोठी तबकडी सापडली होती. कव्हरवर एक गोरी बाई, केसांत पांढरी बट, मनगट चांगलं जाड, आणि माइक असा धरलेला की जणू ताक घुसळायला रवीच.

"मावशे, इंग्लिश माल हाय!" केसरीनाथ ओरडला. "रॉकवाली! दुकानवाला भाई बोलला, बीस साल से गाती है. समोर पब्लिक बसवून रेकॉर्ड काडलीय, एकदम असली!"

सुई टेकली. खरखर, टाळ्या, आणि मग चिमणीने मिरची खावी तसा एक चिवचिवाट.

रंगूबाई तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला. "केसरी, ही मानसं टाल्या कशी मारतान रं? येवरी घाई? घर पेटलंय का तेंचं?"

केसरीनाथने मशीन पाहिलं आणि जीभ चावली. त्याचा सगळा माल छोट्या तबकड्यांचा. मशीनचा खटका त्यांच्याच जलद वेगावर अडकून गंजला होता, आणि ही मोठी तबकडी सावकाश फिरायची. त्याने पक्कडीने खटका मागे ओढला.

चिमणी खाली उतरली. उतरता उतरता बाई झाली, आणि बाई होता होता म्हातारपणाच्या उंबऱ्यावर येऊन बसली. जाड, थोडा किनारीला झिजलेला, धुरकटलेला आवाज. टाळ्याही माणसांच्या हातांएवढ्या झाल्या.

"मातारी हाय," रंगूबाई हळूच म्हणाली.

केसरीनाथ तिथेच पडल्या पडल्या घोरायला लागला. ढोल दणदणत होते, तारांची वाद्यं किंचाळत होती, आणि त्या सगळ्यातून रंगूबाईला फक्त ती बाई ऐकू येत होती. बाईने श्वास कुठे चोरला, घोट कुठे घेतला, माइकपासून तोंड कुठे वळवलं. शब्द एकही कळत नव्हता. धवल्यातले देव तरी कुठे सगळे कळतात? बाहेर ऊन पांढरं झालं होतं. आंब्याखालची सावली पाण्यासारखी हलत होती, आणि त्या पाण्यावर रंगूबाईला विलायतेतला मांडव दिसायला लागला. लांबच लांब मांडव, दिव्यांची धूसर रांग, मधोमध ती बाई, चपला काढून उभी. कोणी शीळ घालतंय, कोणी खोकतंय. खरं खोकतंय, आपल्यासारखं खोटं नाही, हे रंगूबाईने झोपेच्या काठावरही ओळखलं.

मग ते गाणं आलं. बाई एकेक पायरी वर चढत गेली. रंगूबाईला पुढचं वळण दिसत होतं. नको गं बाय, नको जाऊ. बाई गेली.

आणि फुटली. टण्ण नाही, भद्द.

मग बाई हसली. मोठ्याने, दात दिसतील असं. आणि तिची तुटलेली ओळ समोरच्या माणसांनी उचलली. एवढा मोठा जमाव, बेसूर, पुढेमागे, पण त्या वळणावरून पार. बाई खालच्या सुरात त्यांच्यासोबत चालत राहिली, बांधावरून डोक्यावर भारा घेऊन सगळ्यांच्या मागे घरी यावं तशी.

सुई काठाला लागून खस्स, खस्स करत राहिली. केसरीनाथ दचकून उठला. "काय झालं? मावशे, रडतंस काय?"

"तांदलात खडा व्हता."

"डोल्यात?"

"लाव परत. ते फुटलेलं लाव."

दुसऱ्या दिवशी ऊन कलताना तुळजा पाटावर बसली नव्हती. गोदू हात जोडून, मग हात उगारून दमली होती. केसरीनाथ "ह्यॅलॉ" म्हणायला तोंड उघडतो तोच रंगूबाई पदर खोचत मांडवात आली आणि म्हणाली, "बंद कर तुजा कर्णा. पोरी, बस पाटावं."

तिने देवांना हाक मारली. गावदेवी आली, खाडीतले देव आले, शेताच्या बांधावरचे आले. बायका मागून ओळ धरत होत्या. वरचं वळण आलं तेव्हा ती थांबली नाही, आणि गळा तिथेच, तसाच फाटला. हळदीचा हात हवेत राहिला. नाकातून बोलणारी एक तर प्रत्येक मांडवात असतेच. तिने तोंड उघडलंही.

पण रंगूबाई आधी हसली. मोठ्याने, पडलेल्या दाताची खिंड दाखवत. आणि दोन्ही हात बायकांकडे पसरले. घ्या.

पहिली तुळजाच ओरडली. नवरीने गायचं नसतं, पण गायली. मग गोदू, मग साऱ्या. नाकवालीसुद्धा, नाकातूनच. ओळ वळणावरून पार गेली, आणि रंगूबाई खालच्या सुरात त्यांच्या मागे चालत राहिली. तुळजाच्या गालाला हळद लागली.

केसरीनाथ बंद कर्ण्याला टेकून उभा होता. नंतर तो मावशीच्या कानाशी येऊन ओरडला, "मावशे, याची रेकॉर्ड काडायला पायजे व्हती!"

"काड की," रंगूबाई म्हणाली. "पन खटका आदी बघ. टाल्या मानसांच्या वाटल्या पायजेल."