उपस्थित : आठ

शिवणकाम संस्थेत सभेचं इतिवृत्त लिहिणाऱ्या बाईंना सगळ्याजणी पाठीमागे 'सर्वानुमते' म्हणायच्या. तोंडावर अर्थात 'बाई'. आता यात बाईंचा काय दोष? बावीस वर्षांत कमिटीत कुणी ब्र काढला नव्हता. अध्यक्ष बोलायचे, बाकीचे सहाजण माना डोलवायचे. म्हणून बाईंनी एक सोय काढली होती. सभेच्या आदल्या दिवशीच इतिवृत्त टाइप करून ठेवायचं. 'उपस्थित : सात. ठराव सर्वानुमते मंजूर.' सभा संपली की सह्या, चहा गार व्हायच्या आत सगळे मोकळे!

तशा बाईसुद्धा कमिटीवर होत्या, शिवणाऱ्या बायकांनीच निवडून दिलेल्या. पण हातात सदा पेन, त्यामुळे त्यांचा हात कधी कुणी मोजलाच नाही. त्यांनाही त्याचं काही वाटलं नाही. भांडण त्यांच्या स्वभावातच नव्हतं हो. घरी नवऱ्याचं पटलं नाही, तर त्याच्यापुढे बशीशिवाय कप ठेवायच्या. बस्स, तेवढाच काय तो विरोध! नवराही गुपचूप उठून बशी घ्यायचा.

या महिन्याचा ठराव होता पाळणाघराचा. ती खोली रिकामी करून तिथे गिऱ्हाइकांना दाखवायचे नमुने मांडायचे. टाइप करताना बाई मध्येच थांबल्या. काजं करणारीची दोन वर्षांची मुलगी तिथेच झोपते. काजंवालीच्या घरी सांभाळणारं दुसरं कुणी नाही. खोली गेली की तिचं काम गेलं. आणि बाईंची स्वतःची लेक तरी कुठे वाढली? त्याच खोलीत, त्याच खिडकीचे गज धरून चालायला शिकली. तरी बाईंच्या बोटांनी 'सर्वानुमते' टाइप केलंच. सवय माणसाला किती निर्लज्ज करते बघा!

सभेत अध्यक्षांनी ठराव वाचला. सहा हात वर झाले, सातवा त्यांचा स्वतःचा. मग आणखी एक हात वर आला, पेनासकट.

"पंखा वाढवू का, बाई?" अध्यक्षांनी विचारलं.

"पंखा राहू दे. माझा विरोध आहे."

खजिनदार हसले, आणि दुसरं कुणीच हसत नाही म्हटल्यावर खोकले. कारण नियम सगळ्यांना पाठ होता. कमिटीत एकाचाही विरोध झाला, तर ठराव सगळ्या सभासदांपुढे न्यायचा. म्हणजे शंभरावर बायकांपुढे!

अध्यक्षांनी टाइप केलेला कागद ओढला. "अहो, उपस्थितांत तुमचं नावच नाही. जो हजरच नाही, त्याचा विरोध कसला?"

बाईंनी कागद पाहिला आणि त्यांचे कान तापले. खरंच की! कपाटातल्या बावीस वर्षांच्या फायलींत सगळ्यांची नावं होती, त्यांचं तेवढं नव्हतं. कुणी खोडलं नव्हतं, त्यांनीच कधी घातलं नव्हतं. क्षणभर वाटलं, जाऊ दे, हात खाली घ्यावा. मग त्यांची नजर टेबलावर गेली.

"दर सभेला चहाचे कप आठ येतात, अध्यक्षसाहेब," बाई म्हणाल्या. "आठवा कोण पितं?"

बाईंनी कागद आपल्याकडे ओढला. 'सात'वर काट मारून 'आठ' लिहिलं, खाली आपलं नाव लिहिलं, मग 'सर्वानुमते' खोडून विरोधाच्या रकान्यात तेच नाव पुन्हा लिहिलं. अक्षर इतकं वेडंवाकडं आलं की त्यांचं त्यांनाच ओळखू येईना.

"ठीक आहे, सभासदांची सभा बोलवा," अध्यक्ष पुटपुटले.

बाहेर काजंवाली झोपलेली पोर खांद्यावर घेऊन घरी निघाली होती. पाळणाघराचं काय घाटतंय, हे सगळ्यांसारखं तिच्याही कानावर आलं होतं. तिनं बाईंकडे धड पाहिलंसुद्धा नाही.

"झालं ना मंजूर? नेहमीसारखंच?"

"नाही," बाई म्हणाल्या. "उद्या पोरीला घेऊन ये."