आक्काची पत्र्याची होडी

"पाणी म्हंजी काय हाटेल हाय व्हय? आर्डर दिली की आलं म्हून!"

आक्का हे वाक्य होडीत बसणाऱ्या प्रत्येक माणसाला ऐकवायची, आणि तेही होडी काठ सोडून बरीच आत गेल्यावर. काठावर ऐकवलं असतं तर गिऱ्हाईक उतरून गेलं असतं, एवढा व्यवहार तिला कळत होता. एकदा चहूकडे पाणी झालं की मग ती वल्हं आडवं ठेवायची, पदर कानामागं खोचायची आणि सुरू करायची. मासा लागला तर लागला. नाही लागला तर माझ्याकडं बघायचं नाही. बोलायचं नाही, होडीत उभं राहायचं नाही, फोन पाण्यात पडला तर मी उडी मारणार नाही.

उजनीच्या पाणफुगवट्यावर, सोलापूरच्या बाजूला, आमचं रिसॉर्ट आहे. रिसॉर्ट हा मालकांचा शब्द. केळीच्या बागेला लागून थोड्या खोल्या, एक हिरवळ आणि प्लास्टिकच्या पिंपांवर फळ्या ठोकून केलेला तरंगता धक्का, एवढाच सगळा संसार. फाटकावर मात्र मोठ्या अक्षरांत लिहिलंय, 'सोलापूरचा समुद्रकिनारा'. तुम्ही हसाल. मीही पहिल्या दिवशी हसलो होतो. पण सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये ज्याचा जीव भाजून निघालाय, त्याला एवढं पाणी दिसलं की तो लाटा मोजायलाही तयार होतो. शाळांना सुट्ट्या लागल्या की आमच्याकडं गर्दी व्हायची आणि आलेल्या प्रत्येकाला मासे धरायचे असायचे.

मी तिथला आचारी. सोलापुरात माझी खानावळ होती. रस्ता रुंद झाला तेव्हा ती गेली आणि मी इथं आलो. पाहुण्यांनी धरलेला मासा तिथल्या तिथं रस्सा करून वाढणं हे माझं काम. म्हणजे आक्का पाण्यावर काय करते त्याचा हिशेब शेवटी माझ्या पातेल्यात यायचा. पुष्कळदा पातेलं रिकामंच राहायचं आणि पाहुणे पिठलं खायचे.

आक्का साठीच्या आसपासची असेल. काळी, काटक, हाताच्या शिरा दोरीसारख्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. तो असताना तो जाळं टाकायचा आणि ही वल्हवायची. तो गेल्यावर दोन्ही कामं हिच्याकडं आली. पत्र्याची होडी, बांबूच्या काठ्या, नायलॉनचा दोर आणि गळ, एवढीच तिची इस्टेट. उन्हाळ्यातले पाहुणे तिचं वर्ष काढून द्यायचे. बाकीच्या दिवसांत जाळ्यात येईल त्यावर ती आणि तिची जाऊ भागवायच्या. ती जाऊही विधवाच.

रोज सकाळी ती माझ्या दारात उभी राहायची.

"आचारी, कणीक दे."

"पोळ्या कशाच्या करू मग?"

"पोळ्या कोन बी खातंय. माझी गिऱ्हाइकं नखरेल हायेत." गिऱ्हाइकं म्हणजे मासे. कणकेत ती मूठभर पेंड मिसळायची, मळून मळून गोळा लोण्यासारखा करायची आणि जाता जाता माझ्या पोळ्यांकडं बघून नाक मुरडायची. तिच्या मते माझी कणीक माशांच्या लायकीची नव्हती, माणसांना चालून जाईल. मी तिला कधी नाही म्हणालो नाही. एखाद्या सकाळी ती आली नाही तर माझ्या हाताला चव राहत नसे, हे तिला कळू नये म्हणून मी रोज कुरकुर करायचो.

तिच्या हट्टाची पहिली ओळख मला झाली ती ओटीच्या दिवशी. सुट्ट्यांचा हंगाम सुरू व्हायच्या आधी वस्तीवरच्या बायका भीमेची ओटी भरतात. खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू. विधवेनं पुढं व्हायचं नसतं. आक्का सगळ्यांच्या आधी गुडघाभर पाण्यात जाऊन उभी होती आणि ओटी तिच्याच हातात होती. बायकांत कुजबुज सुरू झाली. एक म्हातारी बोलली, "आगं, तू कशी भरतीस? तुला चालत न्हाय की."

आक्कानं मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही. "हिच्यात रोज मी उतरती. बुडायची पाळी आली तर मी बुडनार. आन ओटी तेवढी तुमी भरनार व्हय?" असं म्हणून तिनं नारळ पाण्यात सोडला, हात जोडले आणि बाहेर आली. त्या वर्षी कुणाला काही वाईट झालं असतं तर खापर तिच्यावरच फुटलं असतं. काही झालं नाही, आणि पुढच्या वर्षीपासून बायका तिच्यासाठी थांबायला लागल्या.

पाहुण्यांशीही ती अशीच. पोटात अंडी असलेला मासा गळाला लागला तर ती तो ठेवू देत नसे. उन्हाळ्याच्या शेवटी असे मासे पुष्कळ लागायचे. एक जाडजूड गृहस्थ तासभर उन्हात बसले आणि त्यांना एक झकास रोहू लागला. आक्कानं त्याच्या पोटावरून बोट फिरवलं आणि "पोटुशी हाय गं बया" म्हणत तो पाण्यात सोडून दिला. गृहस्थ माझ्याकडं तक्रार घेऊन आले. "अहो, माझा मासा होता तो!" मी त्यांना पिठलं वाढलं. दुसरं काय करणार?

आमचे मालक वाईट माणूस नाहीत. पण पाहुणे रिकाम्या हातानं धक्क्यावर उतरले की त्यांचा चेहरा पडायचा. त्यांनी उपाय काढला. धक्क्याखाली जाळीचा एक मोठा पिंजरा बांधला आणि त्यात चिलापी आणून सोडली. चिलापी आमच्या धरणातला घरोघरचा मासा. तिला उपाशी ठेवायचं, म्हणजे गळ पडला रे पडला की ती तोंड मारणार. पाहुण्यानं धक्क्यावर खुर्ची टाकून बसायचं, गळ खाली सोडायचा, मासा वर काढायचा, फोटो घ्यायचा आणि मासा परत पिंजऱ्यात. तोच मासा संध्याकाळी दुसऱ्याला. काही दिवसांत माशांच्या तोंडांच्या चिंध्या झाल्या. जेवणात बर्फातले मासे यायचे आणि 'तुम्हीच धरलेला' म्हणून ते मला वाढायला लागायचे. मला ते आवडत नव्हतं.

आक्काची होडी ओस पडली. खुर्चीवर बसून मिळतं ते सोडून उन्हात कोण जाईल? तरी ती रोज यायची, कणीक न्यायची, होडी धक्क्याला लावून वाट बघायची. पिंजऱ्याबद्दल चकार शब्द काढायची नाही. मला वाटलं, वयानं नरमली.

मग मेमधला तो रविवार आला. धक्का माणसांनी भरला होता. एका कुटुंबाला काहीच लागेना. मालक स्वतः पुढं झाले. त्यांनी हातजाळीनं पिंजऱ्यातला एक मासा उचलला, आपल्या हातानं त्याच्या ओठात गळ अडकवला आणि काठी त्या बाईंच्या हाती दिली. बाईंनी काठी उचलली. मासा फळ्यांवर तडफडला आणि त्याच्या तोंडातून मोहरीएवढी पिल्लं बाहेर सांडली. पुष्कळ पिल्लं.

चिलापीची आई पिल्लं तोंडात सांभाळते. पिल्लं तोंडात असेपर्यंत ती काही खात नाही. म्हणून तर ती गळाला लागत नव्हती.

लोक "अय्या" म्हणाले. फोन बाहेर निघाले. आक्का होडीतून धक्क्यावर चढली. तिनं दोन्ही हात पाण्यात भिजवले आणि फळ्यांवरची पिल्लं गोळा करून पाण्यात सोडली. माशाच्या ओठातला गळ काढला, त्यालाही सोडलं. मग कमरेचा चाकू काढला, पालथी पडून धक्क्याखाली हात घातला आणि पिंजऱ्याची जाळी वरपासून खालपर्यंत फाडली. पाणी एकदा खळबळलं आणि पिंजरा रिकामा झाला.

ती उठली, चाकू पदराला पुसला आणि मालकांना म्हणाली, "हं. आता द्या आर्डर."

मालक लालबुंद झाले. सगळ्या पाहुण्यांसमोर ओरडले, "उद्यापासून हिनं या धक्क्यावर पाय ठेवायचा नाही! ऐकलं का सगळ्यांनी?"

"ऐकलं," आक्का म्हणाली आणि होडीत उतरली.

धक्का बंद म्हणजे गिऱ्हाईक बंद. ऐन हंगामात हे झालेलं. मी त्या संध्याकाळी तिच्या घरी गेलो आणि माफी माग म्हणून सांगितलं. तिनं मला चहा दिला आणि माझं म्हणणं चहाबरोबर पिऊन टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर पत्र्याची होडी धक्क्यासमोर, हाक ऐकू जाईल एवढ्या अंतरावर पाण्यात उभी. आक्का आमच्याकडं पाठ करून गळ टाकून बसलेली. मालकांनी राखणदाराला पाठवलं. तो काठावरून ओरडला, "आक्का, मालक म्हनत्यात हितनं जावा!"

"पान्यात ये आन सांग," आक्का म्हणाली. राखणदाराला पोहता येत नव्हतं. तो परत आला आणि मालकांना म्हणाला की तिला ऐकू आलं नाही.

ती रोज येऊ लागली. पाहुणे विचारायचे, त्या बाई कोण? मी सांगायचो. काय सांगायचो ते मालकांना न कळलेलं बरं. हळूहळू माणसं चपला हातात घेऊन, धक्क्याच्या बाजूनं गाळ तुडवत तिच्याकडं जायला लागली. कुंपण पाण्यापर्यंत पोचत नव्हतं, उन्हाळ्यात पाणी मागं सरतं ना! एके दिवशी खुद्द मालकांच्या आई पातळ खोचून निघाल्या. राखणदारानंच त्यांना हात धरून होडीत बसवलं. दुपारी परत आल्या त्या उन्हानं लाल होऊन, गुडघ्यापर्यंत चिखल.

"काही लागलं का?" मालकांनी विचारलं.

"नाही. उद्या परत जाणार आहे," म्हातारी म्हणाली.

मालकांनी पिंजरा पुन्हा बांधला नाही. महिन्याभरानं मलाच पाठवलं, आक्काला बोलाव म्हणून. मी गाळातून गेलो.

"झालं गेलं विसर. मालक म्हणतात, होडी धक्क्याला लाव."

"न्हाय बा."

"आता का?"

"मालकानंच सांगितलंय न्हवं, धक्क्यावर पाय ठिवायचा न्हाय म्हून? चार मानसांत सांगितलंय. मी मालकाचा शबूद कसा मोडू?" तिनं एवढ्या भोळ्या तोंडानं हे म्हटलं की मला हसू आवरेना. मग ती गंभीर झाली. "आचारी, जाळी कापली तवा मी काय चोरी केली न्हाय. त्येंनी बोलायचं आन त्येंनीच पुसायचं, आसं नसतंय. ऱ्हाऊ दे ते तसंच." त्यानंतरही ती आली ती गाळातूनच, आणि कणीकही मीच काठापर्यंत नेऊन द्यायला लागलो.

गेल्या थंडीत आक्का गेली. तापाचं निमित्त झालं. तिला शेवटचं पाहिलं ती सकाळ मी विसरू शकत नाही, आणि खरं सांगायचं तर तिचा मला अजून राग येतो.

जाऊबाई धापा टाकत स्वयंपाकघराच्या दारात आल्या होत्या. "आक्काला लई ताप हाय, तरी जाळं काढाया गेलीया. कुनाचं ऐकत न्हाय." मालकांनी ते ऐकलं आणि तिला दवाखान्यात न्यायला स्वतः जीप काढली. धरण तुडुंब भरलेलं, पाणी अगदी आमच्या हिरवळीला लागलेलं. आमचा धक्का आणि डांबरी सडक यांच्यात वीस पावलंही नव्हती. वस्तीचा काठ लांब, वळसा घालून, आणि तिथवर गाडी जात नाही.

राखणदार, मुक्कामाला आलेले पाहुणे, सगळे धक्क्यावर जमले. धुक्यातून होडी आली. ती अगदी सावकाश वल्हवत होती, दर खेपेला थांबत होती. अंगावर घोंगडी.

"आक्का, इकडं या! गाडी तयार आहे," मालक धक्क्याच्या टोकाला जाऊन ओरडले. "माझं चुकलं होतं, आक्का. या." त्यांचा आवाज फाटला होता. एवढ्या माणसांसमोर ते तसं बोललेले मी कधी ऐकले नव्हते.

मीही ओरडलो, "ये की गं! हट्ट करायची ही वेळ आहे का?"

होडी धक्क्यासमोर आली तेव्हा तिनं वल्हं उचललं. मला वाटलं, वळवते. तिनं वल्ह्यावर हनुवटी टेकून दम घेतला. मालकांकडं बघून मान हलवली, तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. मग माझ्याकडं बघितलं.

"आचारी, चुलीवर काय ठिवलंयस? करपंल बग, जा."

आणि वल्हं पाण्यात घालून ती धक्क्यावरून पुढं, वस्तीच्या काठाकडं निघून गेली.