ड्रमवरचा पत्ता

कादंबरीताई सामंत मानपाड्याच्या केमिकल कारखान्यात टायपिस्ट म्हणून लागल्या आणि कंपनीची वेबसाईट त्यांच्या गळ्यात पडली. "टायपिंगच तर आहे," हे मालक प्रीतमशेठचं मत. शेठना वडिलांची भातशेती वारशात मिळाली, अक्कल मात्र सातबाऱ्यावर चढायची राहिली, हे ताईंचं.

गेल्या वर्षी कुणा अंकशास्त्र्यानं सांगितलं, कंपनीचं नाव जड आहे. झालं! नाव बदललं, वेबसाईटचा पत्ताही बदलला. लॅपटॉपला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, पेढे वाटले. ताई मात्र महिनाभर जुन्या साईटचं एकेक पान नव्या पानाशी जोडत बसल्या होत्या, म्हणजे जुन्या पत्त्यावर आलेला माणूस आपोआप योग्य पानावर पोचेल. अशी चारशे बारा पानं. कारण प्रत्येक ड्रमवर क्यूआर कोडचा स्टिकर होता. तो स्कॅन केला की ते रसायन अंगावर उडालं तर काय करायचं, ते दिसे. ड्रम गोदामांत जाऊन पडलेले, स्टिकरवर पत्ता जुनाच.

"शेठ, जुना पत्ता निदान पाच वर्षं आपल्या नावावर ठेवायला लागेल. तो गेला की माझी सगळी जोडणी गेली."

"ताई, नवीन घरान गेल्यावर जुन्या घरान दिवा कोन लावतं गो? अपशकुन!"

शेजारी बसलेल्या मॅनेजर महेंद्रनं मान डोलावली. ती मान पगारावरच होती. जुन्या पत्त्याची मुदत संपली आणि तो भलत्यानंच उचलला.

मार्चमध्ये कोपरीच्या गोदामातून साईनाथचा फोन आला. माल पाठवताना ताईंशी बोलणं व्हायचं, म्हणून नंबर त्याच्याकडे होता.

"म्याडम, रतनच्या डोळ्यात उडालंय! कोड मारला तर रमी खेळा असं येतंय!"

"नळाखाली धर त्याला! पापण्या उघड्या ठेव. मी सांगेपर्यंत हलवू नको. दुसऱ्याला रिक्षा आणायला पाठव."

फोन कानाशी धरून ताईंनी वीस मिनिटं घड्याळ बघितलं. रतनचा डोळा वाचला. मग ताईंना राग आला, आणि त्या तडक शेठकडे गेल्या.

शेठनी सगळं ऐकून देव्हाऱ्याकडे हात जोडले. "देवान वाचवला. वेबसाईटची शांती करून घेव."

महेंद्र भटजींचा नंबर शोधायला लागला. एवढं काम त्याला चटकन जमलं.

ताईंनी घरच्या प्रिंटरवर स्टिकर छापले. दर रविवारी पिशवी घेऊन त्या कोपरीपासून कल्याणपर्यंत गोदामं फिरतात आणि जुन्या कोडवर नवा कागद चिकटवतात. त्यावर कंपनीचं नाव नाही, नवी वेबसाईट नाही, फक्त त्यांचा स्वतःचा मोबाईल नंबर. फोन अंघोळीलासुद्धा दाराबाहेर स्टुलावर असतो. महिन्याला एखादा तरी येतोच.

प्रीतमशेठ सगळ्यांना सांगतात, शांती केल्यापासून एक तक्रार नाही.