पेंड बरी व्हती

हे बायकोलाही ठाऊक नाही. तुम्हाला सांगतोय म्हणजे तुम्ही कुणी फार जवळचे आहात असं समजू नका — जवळच्यांना सांगायची हिंमत नाही, एवढंच. आणि ऐकून झाल्यावर 'असू द्या हो अप्पा, माणूस आहे, चुकतो' असलं काही म्हणणार असाल तर आत्ताच उठा. असल्या दयेची मला शिसारी येते.

अहमदपुरात माझं पशुखाद्याचं दुकान आहे. पेंड, सरकी, कोंडा, गुरांची औषधं. शेततळी झाली, लोकांनी त्यांत मासे सोडले, तेव्हा मी माशांच्या औषधाच्या बाटल्याही ठेवू लागलो. आम्ही लिंगायत, घरात मासा कधी शिजला नाही; पण बाटली विकायला काय जातंय? सत्तार माझ्याच वर्गातला. त्याच्या तळ्यात रोहू आणि कटला. मला सत्तार कधीच आवडला नाही — खरं सांगायला बसलोय तर हेही ऐका, आजही आवडत नाही. हसतो फार. शाळेतही असाच हसायचा.

एकदा त्याच्या माशांच्या अंगावर लाल चट्टे उठले. मी बाटली काढून ठेवली, त्यानं नेली नाही. त्यानं आणि त्याच्या बायकोनं, शाहीननं, शेवग्याचा पाला सावलीत वाळवून, लसूण-हळद कुटून घरीच मिश्रण केलं. ते माझ्याकडच्या शेंगदाणा पेंडीत कालवायचं, भोकं पाडलेल्या पोत्यात भरायचं आणि पोतं बांबूला बांधून तळ्यात सोडायचं. मासे येऊन भोकांतून खातात. चट्टे गेले. मासे तुकतुकीत झाले. मग काय — चार गिऱ्हाइकं उभी असताना दुकानात म्हणाला, "अप्पा, तुझ्या बाटल्या तुलाच ठिव. आमच्या घरात लसूण हाय."

सगळे हसले. मीही हसलो. पण आतून जळलो. लोक माझ्याच दुकानात उभे राहून त्याला पाल्याचं प्रमाण विचारायला लागले. माझ्या दुकानात!

त्या पावसाळ्यात गोदामाच्या एका कोपऱ्यात पाणी झिरपलं आणि पेंडीची चार पोती भिजली. हिरवट-काळी बुरशी, कुबट वास. मी ढेकळं फोडली, उन्हात पसरली, कोरड्या पोत्यांत भरली. गुरांसाठी ती कुणाला दिली नाही. म्हैस हुंगून तोंड फिरवते आणि मालक पोतं आणून पायरीवर आपटतो. मासा कुठं आपटणार? हाच विचार केला मी. शब्दही हेच. शिवाय लसणाखाली वास झाकला जाणार होता. चारही पोती सत्तारला दिली.

मारायचेच होते का मासे? नाही. की होते? — इथं मी आजही अडकतो. एवढं नक्की, की बुरशीची पेंड जनावराला घालू नका असं गिऱ्हाइकांना ओरडून सांगणारा मीच.

तीन आठवड्यांत मासे पोट वर करून तरंगू लागले. मी तळ्यावर गेलो, आयुष्यात पहिल्यांदा. शाहीन काठावर बसून मेलेले मासे घमेल्यात भरत होती. सत्तार हसत नव्हता. म्हणाला, "अप्पा, पेंड बरी व्हती का? तू सांग म्हंजी झालं. मी दुसऱ्या कुणाला इचारत न्हाई."

नुसतं 'हो' म्हणून भागलं असतं. पण मी शर्टात हात घातला, गळ्यातलं लिंग मुठीत धरलं आणि म्हणालो, "ह्याची आण. पेंड बरी व्हती."

कुणी मागितली होती आण? रोज सकाळी जे तळहातावर घेऊन पूजा करतो, ते! आमच्याकडं त्याचं काय मोल आहे हे सत्तारला पक्कं ठाऊक होतं. लहानपणी माझ्या वडिलांची पूजा संपेपर्यंत तो दारात गप्प उभा राहायचा. त्यानं मान खाली घातली. "मंग माझ्याच पाल्यानं मारले," म्हणाला. शाहीन मात्र माझ्याकडं बघत राहिली.

मी तेवढ्यावर थांबलो? छे. दुकानात येईल त्याला सांगत सुटलो — पाल्याबिल्यानं मासे जगतात होय? बाटल्या पुन्हा खपू लागल्या. पुढं सत्तारही त्या नेऊ लागला.

परवा शेजारच्या गावच्या बचत गटातल्या दोघी दुकानात आल्या. त्यांनी तळ्यात मासे सोडलेत आणि सत्तारच्या पाल्याबद्दल त्यांनी कुठंतरी ऐकलं होतं. सत्तार बाटली घ्यायला आलेलाच होता. "नका करू ताई," तो म्हणाला, "मी माझ्या हातानं तळं मारलंय." त्यातली एक हुशार. तिनं विचारलं, पेंडच खराब नव्हती ना? तेव्हा सत्तार चिडला. इतक्या वर्षांत मी त्याला चिडलेलं पाहिलं नव्हतं. "अप्पानं लिंगाची आण घेऊन सांगितलंय. पेंडीचं नाव काढायचं न्हाई."

मी सरकी तोलत होतो. तोलून झाली, पोत्याचं तोंड बांधलं, त्या दोघींना बाटली दिली.

पेंड बुरशीची होती. पाला चांगला होता.