साडेतीन किलोचं पुस्तक आणि गंगू

रीफ टँकच्या, म्हणजे समुद्री मासे-प्रवाळांच्या टाकीच्या, तळाशी गाळ साठतो, तसे आमच्या रविवारच्या मंडळींचे किस्से साठलेत. कुणीतरी उपसायलाच हवेत. मोठ्यांवर सोडून उपयोग नाही, ते स्वतःवरच्या किश्शाचा शेवट बदलून सांगतात!

समुद्र हुबळीपासून गाडीनं चार तासांवर. पण विद्यानगरात अण्णांच्या हॉलमध्येही एक आहे, चार फूट लांब, काचेचा. अण्णा म्हणजे प्राणिशास्त्राचे निवृत्त मास्तर. अक्का त्यांच्या पत्नी. वकीलकाका त्यांचे शाळेपासूनचे मित्र. आणि मी, घरी दोन फुटांची टाकी आणि डोक्यात कायमचा राग घेऊन फिरणारी. दर रविवारी चहा, मासे आणि एकच वाद: टाकीसाठी पुस्तक कुठलं घ्यायचं?

नवं पुस्तक हातात आलं की मी आधी शेवटची सूची बघते. 'नायट्रेट' किती पानांवर आहे, 'रोग' किती पानांवर आहे. नुसते चकचकीत फोटो असतील तर परत!

अण्णांची परीक्षा वेगळी. ते लेखकानं कबूल केलेली स्वतःची चूक शोधतात. एकदा मी मोठ्या हौसेनं एक पुस्तक नेलं. अण्णांनी तासभर चाळलं आणि मिटून माझ्या मांडीवर ठेवलं. मला ते कानडीत पुट्टी म्हणतात, म्हणजे छोटी पोर.

"पुट्टी, या माणसाचा एकही मासा मेलेला नाही."

"मग चांगलंच की!"

"खोटं बोलतोय. घेऊ नको."

मी भांडले. पण घेतलं नाही.

वकीलकाकांना सूची नको, चूक नको. ते पुस्तक हातात तोलतात. हुबळीच्या लॅमिंग्टन रोडवर जुन्या पुस्तकांत त्यांना एक जाडजूड परदेशी ग्रंथ सापडला. तो त्यांनी शेजारच्या किराणा दुकानात जाऊन काट्यावर ठेवला!

"साडेतीन किलो!" अण्णांच्या हातात देताना त्यांची छाती फुगली होती. "एवढं वजन उगाच असतं होय?"

अण्णांनी शाळेच्या सवयीनं त्याला खाकी कव्हर घातलं, वर प्लॅस्टिक चढवलं. कपाटात ते मावेना. "ठेवतो कुठंतरी," म्हणाले. उघडलं मात्र कुणीच नाही.

एकदा दोन पुस्तकांचं जमेना. एक म्हणे, नवा मासा अर्ध्या तासात टाकीत सोडा. दुसरं म्हणे, काही आठवडे वेगळा ठेवा. वकीलकाकांनी दोन्ही पुस्तकं समोरासमोर खुर्च्यांवर बसवली आणि उलटतपासणी घेतली. मासा पिशवीत, पिशवी माझ्या हातात!

"काका, निकाल द्या हो, हात भरून आला!"

"वेगळा ठेवा. संशयाचा फायदा माशाला!"

मासा अक्कांच्या मोठ्या बादलीत गेला. अक्का म्हणाल्या, "आणि माझ्या बादलीनं कुठल्या कोर्टात जायचं?"

खंडेनवमीला तर कहर. अण्णांनी सगळी पुस्तकं सरस्वतीपुढं पूजेला मांडली. मांडली की दसऱ्यापर्यंत हात लावायचा नाही. नेमके त्याच दुपारी एका माशाच्या अंगावर पांढरे ठिपके दिसले. मी पाटाकडे हात नेला.

"सुम्न कूड!" अण्णा ओरडले. गप्प बस म्हणजे मी बसणार होय?

"अण्णा, दसऱ्यापर्यंत मासा देवाघरी जाईल!"

अण्णा हलेनात. अक्का स्वयंपाकघरातून आल्या, हात जोडले, पुस्तकावर फूल वाहिलं आणि पुस्तक माझ्या हातात दिलं. अण्णा बघतच राहिले.

"काय बघताय? सरस्वतीला विचारलं मी. ती म्हणाली, पोर वाचतीय तर वाचू दे."

मासा वाचला. पण आता गंगूचं सांगते.

गंगू म्हणजे डाव्या कोपऱ्यातलं हिरवं, बोटाबोटांचं कोरल, जिवंत प्रवाळ. नाव अक्कांनी ठेवलेलं. अण्णांनी तिला नखाएवढी आणली होती, आता ती तळहाताएवढी झाली होती. या उन्हाळ्यात ती मिटायला लागली. हिरवा रंग करडा झाला. अण्णा पाणी तपासत, तापमान लिहून ठेवत, तिच्यासमोर खुर्ची टाकून बसत. चौथ्या रविवारी ते हळूच म्हणाले, "गंगू गेली तर मी टाकी बंद करणार. आता होत नाही माझ्यानं."

टाकी बंद म्हणजे रविवारही बंद. वकीलकाकांनी चहा तसाच ठेवला.

मी चिडले. मला रडू आलं की मी चिडते. "काढा सगळी पुस्तकं!" म्हटलं. जमिनीवर पुस्तकं पसरून आम्ही चौघं बसलो. पाणी, मीठ, कीड, खाणं, सगळं जुळवून पाहिलं. गंगूला लागू पडेल असं काही मिळेना.

"अहो, ते जाडं राहिलं की," अक्का म्हणाल्या. "कुठं ठेवलंय?"

अण्णांनी टाकीकडे बोट केलं. "आपला एक मासा उडी मारून झाकण ढकलतो. वर ठेवायला घरात त्या पुस्तकाहून जड दुसरं काही नाही."

काचेच्या झाकणावर, डाव्या कोपऱ्यात, खाकी कव्हरातलं साडेतीन किलोचं पुस्तक. त्याच्यावर माझा चहाचा कप. गेले चार रविवार मी तो तिथंच ठेवत होते, खोकं समजून!

मी कप उचलला. दोन्ही हातांनी पुस्तक उचललं. वरच्या दिव्याचा निळसर उजेड सरळ खाली गेला आणि गंगूवर पडला.

अण्णांनी कपाळाला हात लावला. "उजेडावर जगते ती!"

तीन आठवड्यांनी गंगूनं पहिलं बोट बाहेर काढलं. अण्णांनी चष्मा पुसला, परत घातला, परत पुसला. अक्कांनी शिरा केला. आणि वकीलकाका तेव्हापासून भेटेल त्याला सांगत सुटलेत:

"पुस्तक असावं तर असं! एक पान न उघडता उत्तर दिलं की नाही?"